नाताळाच्या डुकराचे शेवटचे 70 दिवस

ऑक्टोबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत दहा आठवडे मिळतात. यॉर्कशायर किंवा लँड्रेसच्या संकराचं डुक्कर पोटभर आणि नीट खाल्लं तर या काळात दिवसाला 500 ते 600 ग्रॅम वाढतं. म्हणजे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात 90 ते 100 किलोंचं जनावर द्यायचं असेल, तर ते ऑक्टोबरच्या मध्याला 55 ते 60 किलोंचं हवं. आगोंद गोवन किंवा इतर गावठी डुकरांकडून या वेगाची अपेक्षा धरू नका. त्यांची वाढ सावकाश होते. पण मांसाला चव असते आणि ओळखीचं गिऱ्हाईक त्यासाठी थांबतं.

गोव्यात सोरपोटेल (मांस आणि काळजाचं आंबट-तिखट कालवण) आणि चोरीस (वाळवलेलं सॉसेज), वसईकडे इंदियाल (व्हिनेगरातलं मसालेदार मांस), या सगळ्याची मागणी एकाच आठवड्यात येते. त्या वेळी वजन आणि भाव यांच्याकडेच आपलं लक्ष असतं. पण ताटात पडणाऱ्या मांसात काय आहे, हे बऱ्याच अंशी या दहा आठवड्यांत तुमच्या शेडमध्ये ठरतं.

आधी मांसाबद्दल. डुकराचं मांस म्हणजे नुसती चरबी, हा समज चुकीचा आहे. पाठीकडचा, चरबी काढलेला कच्चा भाग घेतला तर 100 ग्रॅममध्ये साधारण 21 ग्रॅम प्रथिनं आणि 4 ते 6 ग्रॅम चरबी असते. पोटाच्या थराची गोष्ट उलटी आहे. तिथे चरबी 50 ग्रॅमच्या पुढे जाते आणि प्रथिनं 10 ग्रॅमच्या आत राहतात. एकाच जनावराचे हे दोन भाग, म्हणून विकताना ते वेगळे ठेवा आणि गिऱ्हाइकाला सांगून द्या. ज्याला हृदयाचा किंवा कोलेस्टेरॉलचा त्रास आहे, त्याला पाठीचा किंवा मांडीचा भाग दाखवा.

डुकराच्या मांसाची खरी खासियत म्हणजे ब1 जीवनसत्त्व, थायमिन. चरबी नसलेल्या 100 ग्रॅम मांसात ते 0.8 ते 1 मिलीग्रॅम असतं. बोकडाच्या मांसात ते 0.1 मिलीग्रॅमच्या आसपास भरतं. नेहमीच्या खाण्यातला दुसरा कुठलाही मटणाचा प्रकार याच्या जवळपास येत नाही. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, म्हणून रस्सा फेकू नये. सोड्यानं ते नष्ट होतं, तर आंबट व्हिनेगरात जास्त टिकतं. मांस लवकर शिजावं म्हणून त्यात सोडा घालणाऱ्यांना हे जरूर सांगा.

लोहाच्या बाबतीत मात्र मांस साधंच आहे, 100 ग्रॅमला 1 मिलीग्रॅमच्या आतबाहेर. लोह काळजात, म्हणजे यकृतात आहे, कच्च्या 100 ग्रॅममध्ये 20 मिलीग्रॅमच्या वर. काळजात अ जीवनसत्त्वही इतकं असतं की गरोदर बाईनं ते खाऊ नये. सोरपोटेलात काळीज हवंच, आणि इथेच आपलं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

कापलेल्या डुकराच्या काळजावर दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे डाग तुम्ही पाहिले असतील. ते गोल जंतांच्या अळ्यांचे. अळ्या आतड्यातून निघून काळजातून फुप्फुसाकडे जातात आणि वाटेत हे व्रण सोडतात. असं काळीज फेकावं लागतं. शिवाय जंतांनी खाल्लेलं खाद्यही तुमच्याच पैशाचं असतं. नवीन अळ्या येणं थांबलं, तर हे डाग महिना-दीड महिन्यात भरून येतात. म्हणून जंतनाशक आत्ता, ऑक्टोबरातच द्या. औषध दिल्यावर पहिले दोन-तीन दिवस शेण रोज उचलून लांब खड्ड्यात टाका, नाहीतर जंतांची अंडी पुन्हा पोटात जातात. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देणार असाल तर खरूजही आटोक्यात येते, पण ते टोचल्यापासून निदान 28 दिवस डुक्कर कापायचं नाही. लेबलावर त्याहून जास्त दिवस लिहिले असतील तर ते पाळायचे. प्रतिजैविकांचंही तसंच. तारीख शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, लक्षात राहील या भरवशावर राहू नका.

आता खाद्य. शेळी-गाईच्या कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात) खाल्लेल्या तेलाचं रूप बदलून जातं, पण डुकराला कोटीपोट नाही. ते जे तेल खातं, जवळजवळ तसंच त्याच्या चरबीत उतरतं. भरपूर भाताचं पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा तेलकट कोंडा) किंवा तेलकट उरलंसुरलं खाऊ घातलं की चरबी मऊ आणि पाणचट होते. अशा चरबीची चोरीस नीट वाळत नाही आणि लवकर खवट होते. खोबऱ्याच्या पेंडीनं चरबी घट्ट राहते, आणि कोकण-गोव्यात ती मिळतेही. मी शेवटच्या टप्प्यासाठी 100 किलो खाद्यात मका 53, गव्हाचा कोंडा 23, सोयाबीन पेंड 13, खोबऱ्याची पेंड 9, खनिज मिश्रण दीड आणि मीठ अर्धा किलो असं प्रमाण सुचवतो. यात प्रथिनं 16 टक्क्यांच्या जवळ जातात. 60 किलोंच्या जनावराला दिवसाला अडीच किलो, 80 किलोंच्या पुढे 3 किलोंपर्यंत. पाणी कायम समोर हवं.

पावसाळ्यानंतरचा नवा मका ओलसर असतो. तो दातानं कडक फुटेपर्यंत वाळवल्याशिवाय दळू नका. बुरशी लागलेला मका आणि वास येणारी शेंगदाणा पेंड स्वस्तात मिळाली तरी नको. त्यातल्या विषानं काळीज खराब होतं आणि वाढ थांबते.

किनाऱ्यावर मासळीची घाण फुकट मिळते, म्हणून ती सर्रास दिली जाते. लहान जनावराला ती चांगलीच आहे, प्रथिनं मिळतात. पण नोव्हेंबरच्या मध्यानंतर ती पूर्ण बंद करा. शेवटपर्यंत दिली तर मांसाला मासळीचा वास येतो, आणि कितीही मसाला घातला तरी तो जात नाही. खच्ची न केलेल्या मोठ्या नराच्या मांसालाही उग्र वास असतो. खच्चीकरण दोन-चार आठवड्यांच्या वयात व्हायला हवं होतं. राहून गेलं असेल तर तो नर यंदाच्या नाताळाला देऊ नका.

हॉटेलच्या उरलेल्या अन्नाबद्दल कडक बोलावंसं वाटतं. ते निदान अर्धा तास खळखळ उकळल्याशिवाय डुकराच्या पुढ्यात टाकू नका, आणि त्यातले डुकराच्या मांसाचे तुकडे तर मुळीच नकोत. आफ्रिकन स्वाईन फिवर 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात आला. त्याचा विषाणू खारवलेल्या आणि गोठवलेल्या मांसातही महिनोन्‌महिने जगतो. या रोगावर औषध नाही. माणसाला तो होत नाही, पण शेड रिकामं करतो. डुक्कर खाणं सोडून पडून राहिलं, ताप चढला, कान आणि पोट लालजांभळं झालं, तर घाईनं कापून विकायला जाऊ नका. तसं केल्यानंच रोग गावभर जातो. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. उरलेल्या अन्नात मीठही जास्त असतं, त्यामुळे पाणी तोकडं पडलं तर मीठ बाधून जनावर झटके देऊन मरतं.

मोकाट सोडलेल्या डुकराचं मांस मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही. उघड्यावर शौचाला बसतात तिथे चरणाऱ्या डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या तांदळाएवढ्या गाठी होतात. शंका असेल तर जिभेच्या खालच्या बाजूनं बोट फिरवून बघा, कधीकधी त्या हाताला लागतात. असं मांस कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या पोटात पट्टकृमी होते. त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी भाजी-पाण्यातून ज्याच्या पोटात जातील, त्याच्या मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात, मग तो शाकाहारी असला तरी. बंदिस्त शेड आणि घरचा संडास, याला दुसरा उपाय नाही. मांस आतपर्यंत शिजलं, कुठे गुलाबीपणा राहिला नाही, की गाठी मरतात. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा नावामुळे लोकांनी डुकराचं मांस सोडलं होतं. तो आजार नीट शिजवलेल्या मांसातून पसरत नाही, हे आजही गिऱ्हाइकाला सांगावं लागतं.

ऑक्टोबरची उष्णता डुकराला सोसत नाही, त्याला जवळजवळ घामच येत नाही. दुपारी दोनदा अंगावर पाणी मारा. डिसेंबरात पहाटे गारठा पडला की लहान पिल्लांखाली नव्या भाताचा पेंढा जाड अंथरा. पहिल्या आठवड्यात त्यांना 32 ते 34 अंश ऊब लागते.

कापण्याच्या आदल्या रात्रीपासून, म्हणजे सुमारे 12 तास, खाद्य बंद ठेवा, पाणी चालू ठेवा. गाडीत चढवताना काठी वापरू नका, फळी आडवी धरून हाकला. पहाटेच्या थंडाव्यात न्या आणि पोचल्यावर दोन-तीन तास विसावा द्या. धावपळ झालेल्या, घाबरलेल्या डुकराचं मांस फिकं आणि मऊ पडतं, त्यातून पाणी सुटतं. त्या पाण्याबरोबर ब1ही जातं आणि तराजूतलं वजनही.

शेड रिकामं झाल्यावर फरशी खरवडून उकळत्या पाण्यानं धुवा. जंतांची अंडी चुन्याला फारशी जुमानत नाहीत, ती वर्षानुवर्षं टिकतात आणि पुढच्या पिल्लांची वाट बघत भेगांत बसून राहतात.