कावीळ झाली: काय बघायचं, काय खायचं, कधी पळायचं

डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात बघा. दिव्याखाली सुरुवातीचा पिवळेपणा हमखास सुटतो. बिलिरुबिन (लाल पेशी फुटून बनणारं पिवळं द्रव्य) रक्तात साधारण १.२ मिलिग्रॅम/डेसिलिटरपर्यंत नॉर्मल असतं, डोळ्यांत दिसतं ते अडीच-तीनच्या आसपास. तळहात पिवळे पण डोळे पांढरेच असतील, तर बहुधा गाजर-पपई जास्त झालीय.

मग लघवी तपासा. लाल पेशी फुटून निघालेलं बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. यकृत ते विरघळण्याजोगं करतं, तेव्हाच ते लघवीत उतरू शकतं. म्हणून डोळे पिवळे, पण लघवीत बिलिरुबिन नाही, तर संशय रक्तपेशी फुटण्यावर (मलेरिया, सिकलसेल) किंवा गिल्बर्टवर (बिलिरुबिन जन्मतःच थोडं वाढलेलं राहण्याचा निरुपद्रवी प्रकार). लघवीत ते आलं, तर दोष यकृतात किंवा पित्तनलिकेत. त्यात संडास पांढुरकी आणि अंगाला खाज असेल तर पित्ताची वाट अडलीय, सोनोग्राफी करा. पित्त आतड्यात पोचलं नाही की तेल-तूप पचत नाही, व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो.

एलएफटीसोबत (यकृताची रक्ततपासणी) पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) करायलाच हवी. एसजीपीटी (यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात येणारं एन्झाइम) २००० वरून ३०० वर आला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. त्याच वेळी बिलिरुबिन आणि आयएनआर चढत असतील, तर फुटायला यकृताच्या पेशीच उरलेल्या नाहीत.

हळद-तेल बंद करून नुसत्या उकडलेल्यावर ठेवायची पद्धत सोडा. यकृतातला साखरेचा साठा आटलेला असतो. उपाशी राहिलं की साखर खाली जाते आणि शरीर स्नायू मोडून ती बनवतं. दर दोन-तीन तासांनी थोडं द्या: वरण-भात, दही, अंडं, झोपताना दूध-पोळी. हातगाडीवरचा बर्फ घातलेला उसाचा रस नको. ए आणि ई कावीळ (हिपॅटायटिस ए आणि ई विषाणूंची) बहुतेकदा दूषित पाण्यातून येते. दारू आणि झाडपाल्याची औषधं पूर्ण बंद. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, तेही दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या चारच्या वर नाही. (ए कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपणच उतरते. श्रेय माळ घालणाऱ्याला मिळतं.)

रोज पेशंटला हात पुढे करून मनगटं वर उचलायला सांगा. पंजे फडफडले, बोलणं असंबद्ध झालं, दिवसा झोप नि रात्री जाग असं उलटं झालं, तर अमोनिया (यकृताने काढून टाकायचं विषारी द्रव्य) मेंदूपर्यंत पोचल्याची शंका धरा आणि तडक आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा. थंडीताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं असेल तरी त्याच दिवशी. गरोदर बाईला कावीळ दिसली तर लक्षणांची वाटच बघू नका. शेवटच्या तीन महिन्यांत ई कावीळ जिवावर बेतते.