शाळेतला डब्बा : नियम करताना आणि पाळताना या चुका टाळा

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडल्या की पहिल्याच आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डब्ब्याचे नियम येऊन पडतात. मॅगी नको, चिप्स नको, अंडं नको, भात नको, तेलकट नको, रोज पोळी-भाजीच हवी. यातले काही नियम फार चांगले आहेत. काही मात्र असे आहेत की ते पाळायला घरात गहू, गॅस आणि सकाळचा एक मोकळा तास लागतो. निंदणाच्या दिवसांत आई सातच्या आत वावरात निघते, तिथे हे तिन्ही कुठून जुळायचं? माझी शाळा जिल्हा परिषदेची आणि घरातली लहान पोरगी कॉन्व्हेंटला जाते, त्यामुळे दोन्हीकडचे डब्बे आणि दोन्हीकडचे नियम रोज बघते. डब्ब्याला नियम असावेतच, असं माझं मत आहे. पण ते मुलाच्या पोटासाठी असावेत. घरची ऐपत किंवा जात त्या डब्ब्यातून चाचपली जाऊ लागली, की मूल उपाशी राहायला लागतं.

चूक : “सरकारचाच नियम आहे” म्हणून विषय संपवणे

घरच्या डब्ब्यावर सरकारने बंदी घातली आहे असं शिक्षक सांगतात आणि पालक मान डोलावतात. प्रत्यक्षात अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे विनियम विक्रीबद्दल आहेत. जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, त्यांची तिथे जाहिरात करू नये, असं त्यात म्हटलं आहे. महाराष्ट्र शासनानेही मे २०१७ मध्ये शाळेच्या उपाहारगृहांतून असले पदार्थ काढायला सांगितलं होतं. घरून काय आणावं हे ठरवणारा नियम शाळेचा स्वतःचा असतो, म्हणूनच तो चर्चेने बदलता येतो.

आणि कायदा ज्याच्यावर आहे तिकडे कोणाचं लक्ष नसतं. आईने दिलेला चिवडा आत तपासला जातो आणि फाटकासमोरच्या टपरीवर पाच रुपयांचे पुडे टांगलेले असतात. त्याच टपरीवर तंबाखू-सुपारीचा खर्राही घोटला जातो. तंबाखूची विक्री तर शिक्षण संस्थेपासून १०० यार्डांच्या आत करायचीच नाही, हा २००३ चा कायदा आहे. डब्ब्याची सूचना लिहिण्याआधी मुख्याध्यापकांनी फाटकापासून ५० मीटर पावलांनी मोजून बघावेत. टपरी त्या आत येत असेल तर ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्यावं.

चूक : पोळी-भाजीची सक्ती

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. ज्वारीची भाकर ही अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाण्याकडची रोजची जेवणाची गोष्ट. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीला ‘श्री अन्न’ म्हणून मान मिळाला, भिंतींवर तक्ते लागले. आणि “पोळीच आणा” म्हटल्यावर त्याच भाकरीचा डब्बा मुलं अर्धवट उघडतात. मी पाहिलेली एक तिसरीतली पोरगी झाकण उभं धरून, त्याच्याआड मान घालून भाकरीचा तुकडा मोडायची. तिला भाकर आवडत होती. शेजारच्या बाकावरच्या पोळ्या तिला दिसू नयेत आणि आपली भाकर त्यांना दिसू नये, एवढंच तिला हवं होतं.

नियमात “पोळी” ऐवजी “घरी रोज शिजतं ते” एवढे शब्द लिहिले की अर्धा प्रश्न मिटतो. उरलेला अर्धा आयांच्या हातात आहे, कारण भाकर दुपारपर्यंत कडक होते ही तक्रार खरी आहे. ज्वारीत गव्हासारखं चिकट ग्लुटेन नसतं, त्यामुळे भाकर गार झाली की वाळते आणि चिरते. त्याला उपाय आहेत.

पीठ उकळत्या पाण्यात भिजवून, चांगलं मळून भाकर थापली तर ती जास्त वेळ मऊ राहते. तव्यावरची भाकर सरळ स्टीलच्या डब्ब्यात कोंबू नका. वाफेचं पाणी होतं, तळाची भाकर चिकट होते आणि वरचीची कड वातड. आधी टोपलीत किंवा ताटाच्या कडेला उभी टेकवून वाफ जाऊ द्या, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्ब्यात ठेवा. लहान मुलासाठी एक मोठी भाकर देण्यापेक्षा तळहाताएवढ्या दोन द्या, त्यांना मोडता येतात. तरीही मूल भाकर परत आणत असेल तर धपाटे करून पाहा. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, सांबार (कोथिंबीर), तिखट-मीठ आणि लावताना तेलाचा हात. तेलामुळे ते दुपारीही मऊ असतात आणि भाजी नसली तरी चालतं. उन्हाळ्यात त्यात कांदा घालू नका, लवकर वास येतो.

सोबत काय द्यायचं हा प्रश्न भाजी नसलेल्या दिवशी येतो. कोरडं बेसन, जवसाची चटणी, कऱ्हाळ्याची (कारळ्याची) चटणी, फल्लीची (शेंगदाण्याची) चटणी, हे सगळं डब्ब्याला चालतं आणि सांडत नाही. जवसात ओमेगा-३ प्रकारची चरबी असते, शहरात लोक ती गोळ्यांमधून विकत घेतात. चटणीला “ही काय भाजी आहे?” असं वर्गात म्हणू नये, ही विनंती शिक्षकांना.

चूक : भातावर सरसकट बंदी, आणि भाताबद्दल बेफिकिरीही

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग हा धानाचा पट्टा. तिथल्या शाळेने “भात आणू नये” लिहिलं तर पोरांनी आणायचं काय? पण या नियमामागे एक खरी भीती आहे, ती पालकांनी समजून घ्यावी. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर पातेल्यात बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी फोडणी दिल्याने ते विष जात नाही. म्हणून रात्रीच्या उरलेल्या भाताचा फोडणीचा भात डब्ब्याला देऊ नका, घरी आवडीने खात असाल तरी.

सकाळी ताजा शिजवलेला भात द्यायचा असेल तर तो ताटात पसरून गार करा आणि मगच डब्ब्यात भरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे शिजलेलं अन्न साध्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. पाच तास अन्न नुसतं कोमट ठेवणारा महागडा डब्बा याच टप्प्यात मोडतो, हे लक्षात घ्या. आपल्याकडे डब्बा बांधल्यापासून मधल्या सुट्टीपर्यंत दोनाचे चार-पाच तास होतात, तेव्हा ओला पदार्थ जेवढा कमी तेवढं बरं. पातळ वरण, दही, ओलं खोबरं, उकडलेला आलू हे ऑगस्टच्या दमट हवेत आणि मार्चनंतर टाळा. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. सकाळची शाळा असली तरी व्हॅनच्या टपावर ठेवलेली दप्तरं तापतात.

शाळेनेही बंदीऐवजी एक काम करावं. डब्बे उन्हाच्या खिडकीखाली किंवा पत्र्याला लागून ठेवू नयेत. सावलीत, वारा लागेल अशी एक फळी पुरते. सुट्टीत घंटा झाल्यावर मुलांनी आधी वास घ्यावा, आंबूस वाटलं तर गुरुजींना दाखवावं, हे शिकवावं.

चूक : अंडं-मासळीचा नियम कारण न देता करणे

“मांसाहार आणू नये” एवढी एक ओळ लिहिली जाते आणि तिचं कारण कोणी विचारत नाही. कारण उन्हात नासण्याचं असेल तर तसं लिहा : “उन्हाळ्यात रस्सा, मटण, मासळी आणू नये.” ते सगळ्यांना पटेल. कारण शेजारच्याला चालत नाही हे असेल, तर मग कोणाच्या घरचं जेवण स्वच्छ आणि कोणाचं नाही हे शाळा पोरांना शिकवते आहे. मला ते अजिबात मान्य नाही. तलावांच्या भागात झिंगे आणि सुकी मासळी हे गरिबाघरचं प्रथिन आहे.

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे, म्हणजे निम्मी गरज एका अंड्यात भागते. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं देण्याचा निर्णय घेतला होता. त्यामागचं हेच गणित घरच्या डब्ब्यालाही लागू आहे. हिवाळ्यात उकडलेलं अंडं कवचासकट द्या, मुलाने ते खाताना सोलावं. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत ते घरीच खाऊ घाला.

चूक : शिक्षा मुलाला

नियमाबाहेरचा डब्बा आला की तो काढून घेणे, वर्गात नाव वाचून दाखवणे, मुलाला उभं करणे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. शिवाय आठ वर्षांचं पोरगं डब्बा बांधत नाही. त्या दिवशी त्याला जेवू द्या आणि संध्याकाळी घरी निरोप द्या. कॉन्व्हेंटच्या इंग्रजी सूचना कितीतरी आयांना वाचता येत नाहीत. मराठीत लिहा. मेळघाटात कोरकूत आणि गडचिरोलीत गोंडी-माडियात तोंडी सांगणारं कोणीतरी शाळेत असतंच, त्यांची मदत घ्या.

चूक पालकांची : डब्ब्याऐवजी दहा रुपये

घाई असते, मान्य आहे. पण दहा रुपयांत टपरीवर मिळतो तो मीठ-तेलाचा पुडा किंवा गोड सुपारी. सुपारी खुद्दच, तंबाखू नसतानाही, कर्करोगाला कारणीभूत ठरते असं जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच नोंदवलं आहे. मुलाच्या खिशात गोड सुपारी सापडली तर ती डब्ब्यातल्या मॅगीपेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट आहे.

स्वयंपाक झालाच नाही अशा दिवसासाठी घरात एक बरणी भरून ठेवा : फुटाणे-गूळ, ज्वारीच्या लाह्या, मुरमुरे-फल्लीदाणे, तिळाचा लाडू. हंगामात संत्रं, बोरं, सीताफळ. एक सावधगिरी मात्र घ्या. बालवाडीतल्या, पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे फुटाणे आणि फल्लीदाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून लाडूत घाला.

काही नियम नुसते कुठूनतरी उतरवलेले असतात. फल्लीवर सरसकट बंदी हा त्यातलाच. वर्गात एखाद्या मुलाला डॉक्टरांनी अॅलर्जी सांगितली असेल तर त्या वर्गापुरता नियम करा आणि कारण सगळ्यांना सांगा. “वाटून खाऊ नये” हाही तसाच. जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावा आणि खुशाल वाटू द्या, एकत्र बसून खाणं आपल्या गावांना फार गरजेचं आहे. पाण्याच्या बाटलीवर बंदी तर कधीच नको. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुलं बऱ्याच शाळांत आहेत आणि शरीरातलं पाणी कमी झालं की त्यांना वेदनेचा झटका येऊ शकतो.

चूक : आया नसताना नियम ठरवणे

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. पण सभा सकाळी अकराला ठेवली की डब्बा बांधणाऱ्या बाया वावरात असतात आणि नियम ठरवतात ते ज्यांनी कधी भाकर थापली नाही ते. आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा दिवेलागणीला सभा ठेवा.

त्या सभेत नववी-दहावीचा विषय आवर्जून काढा. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. नववीतली पोरगी सकाळी साडेआठची एसटी पकडते, संध्याकाळी सहाला घरी येते आणि मध्ये तिच्याजवळ फक्त तिचा डब्बा असतो. तिच्यासाठी सभेने एवढंच ठरवावं : घरून जे येईल ते चालेल, डब्बा आलाच नाही तर खिचडीच्या वेळी तिला विचारलं जाईल, आणि त्यासाठी लागणारं धान्य गावातून जमा करायची जबाबदारी कोणाची, हे त्याच दिवशी नावानिशी वहीत लिहिलं जाईल.