अल्बमसाठी अभंग कसे निवडावेत

आमच्या गोव्यात फोंड्याकडच्या देवळांत रंगणारा अभंग रेकॉर्डिंगमध्येही रंगेलच असं धरू नका. देवळात टाळकरी ओळ उचलून धरतात, स्टुडिओत गळा एकटा असतो. म्हणून प्रत्येक चाल आधी नुसत्या तंबोऱ्यावर गा, मोबाइलवर ऐका. शब्द पोचत नसतील तर वगळा. माझ्या गुरुजींनी बांधलेली एक चाल मी अशीच बाजूला ठेवली. फार जड गेलं. लागोपाठ दोन अभंग एकाच रागात नकोत. घुमट-शामेळ ही आपली गोव्याची तालवाद्यं एखाद्याच गाण्यात घ्या, पण तिथे त्यांना भरपूर वाजू द्या. गाणं छोटं झालं म्हणून हळहळू नका: १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेली, आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. तुमची भैरवी मात्र शेवटीच ठेवा.