त्रेपन्न सांगितलं की 35 लिहितात? पहिली-दुसरीच्या गणितात या चुका टाळा

'त्रेपन्न' सांगितल्यावर मुलानं 35 लिहिलं, तर लाल फुली मारण्याआधी तो शब्द स्वतः मोठ्यानं म्हणून बघा. तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर. मूल ऐकलं त्याच क्रमानं लिहितं. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, तिथे 'याभै मूडु'. अक्कलकोटकडे कन्नडात 'ऐवत्तमूरु'. दोन्हीकडे पन्नास आधी. म्हणजे घरचा क्रम एक आणि शाळेचा उलटा.

2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं आणि राज्यभर वाद झाला. आमच्या मते दोन्ही वाचनं जोडीनं घ्यावीत: 'पन्नास तीन, त्रेपन्न'. फक्त तोंडी घेऊ नका, नाहीतर काही मुलं 503 लिहितील. पुठ्ठ्याची कार्डं कापा, दशकाची 8 सेंमी लांब, एककाची 4. 50 च्या शून्यावर 3 चं कार्ड ठेवलं की शून्य झाकतं आणि 53 दिसतं. एकोणतीस ऐकून 39 लिहिणाऱ्याला 30 चिंचोके मोजायला लावा आणि एक काढून घ्या.

दुसरी मोठी चूक आपल्याच तोंडून होते: 'मोठ्यातून लहान वजा कर.' मूल ते एकक-दशकाच्या प्रत्येक घराला लावतं. 52 − 27 मध्ये 7 तून 2 गेले 5, 5 तून 2 गेले 3, उत्तर 35! हे वाक्य सोडूनच द्या.

खराट्याच्या शंभर काड्या घ्या. दहाच्या जुड्या मुलांनाच रबर लावून बांधू द्या. तयार जुडी दिली तर तिच्यात दहा आहेत हे त्यांना पटत नाही. आता 52 साठी पाच जुड्या, दोन सुट्या. सात द्यायच्यात, पुरत नाहीत. एक जुडी सोडा, सुट्या झाल्या बारा. सात दिल्या, पाच उरल्या. चार जुड्यांतून दोन दिल्या, दोन उरल्या. उत्तर 25.

रबर निघालं त्याच क्षणी वहीत 5 खोडून 4 आणि 2 च्या डोक्यावर 12 लिहून घ्या. काड्या सोमवारी आणि वही गुरुवारी असं केलं, तर मुलाला ती दोन वेगळी गणितं वाटतात. 40 − 16 सारखी शून्याची उदाहरणं आठवडाभरानं घ्या, तिथे 36 हमखास येतं. बोटं मोजणाऱ्याला मात्र रागावू नका.