गोष्ट लिहून काढू नका, आणि समेसाठी गायकाकडे बघू नका

कलास्वादाच्या पहिल्या सत्रात ‘संगीत संशयकल्लोळ’ दाखवलं की निम्म्या वह्यांत नुसतं कथानक उतरवलेलं असतं. वह्या तपासणारी म्हणून सांगते, त्याला मी गुण देत नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं हे 1916चं नाटक फ्रेंच नाटककार मोलिएरच्या प्रहसनावरून, इंग्रजीच्या वाटेने आलेलं. म्हणजे गोष्ट तशीही उसनीच.

बघायचं ते वेगळं. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतात आणि नेमकं तेवढंच त्यांच्या बायकोला, कृत्तिकेला दिसतं. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, आश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, तर ती नेमकी फाल्गुनरावांच्या नजरेस पडते. आपल्याला सगळं ठाऊक, त्यांना अर्धंच. म्हणून वहीत दोन रकाने आखा: पात्राला काय माहीत आहे आणि आपल्याला काय. हशा कुठून येतो ते तिथे दिसेल. (पात्रांची नावं महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून आहेत, हे एका ओळीत लिहून पुढे सरका. त्यावर पानभर लिहिणारेही भेटलेत.)

पद सुरू झालं की फोन काढू नका. गाणाऱ्यासमोरचं पात्र तेव्हा काय करतंय ते बघा. कच्चा नट तिथे खांबासारखा उभा असतो.

शास्त्रीय संगीताच्या तासाला तक्रार ठरलेली: “बाई, सम सापडत नाही.” (सम म्हणजे तालाच्या प्रत्येक फेऱ्याची पहिली मात्रा, पहिला ठोका.) कारण सगळे गायकाच्या तोंडाकडे बघत मात्रा मोजतात. त्याने तान घेतली की मोजणी गेली. त्यापेक्षा डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला घुमणारा मोठा भाग, ऐका. तीनतालाच्या 16 मात्रांत ‘तिं तिं ता ता’ येतं, तेव्हा दहावीपासून डग्ग्याचा घुमार जातो आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’वर परत येतो. तो परतला की धिं, धिं, धा म्हणायचं. पुढचा ‘धा’ ही सम. तबलजी सरळ ठेका (तालाचे ठरलेले बोल) धरून असेल तोवर ही युक्ती चालते, त्याने लग्ग्या-तुकडे सुरू केले की नाही.

सुरुवात मात्र मध्यलयीच्या बंदिशीने करा. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात मात्रा 12च, पण एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मिनिटभर चालू शकतं. नवखा माणूस सहाव्या मात्रेलाच घरच्या विचारात.

राग ओळखता आला नाही म्हणून अडून बसू नका. ध्वनिमुद्रणावर नाव छापलेलं असतंच, ते वाचा आणि पुन्हा डग्ग्याकडे कान द्या.