खापरपणजोबांचं गाव हांबुर्गच्या दुसऱ्या यादीत सापडलं

नवऱ्याचं घराणं विस्कॉन्सिनचं, मूळ जर्मन. खापरपणजोबा १८८० च्या सुमारास न्यूयॉर्कला उतरले एवढंच ठाऊक. तिथल्या प्रवासी यादीत गावाच्या जागी नुसतं 'जर्मनी'. (सासरे म्हणायचे, एलिस आयलंडला, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या नोंदणी केंद्रात बघ. पण ते उघडलं १८९२ ला!)

मग निघाल्याचं बंदर धरलं. ब्रेमेन असतं तर विषयच संपला; तिथल्या जुन्या याद्या जागेअभावी नष्ट केल्या गेल्या. हांबुर्गच्या मात्र १८५० ते १९३४ च्या बऱ्याचशा टिकल्यात आणि त्यांत प्रवाशाचं गाव असतं. थेट अमेरिकेच्या जहाजांत नाव मिळेना. कारण बरेच जण स्वस्तात पडतं म्हणून आधी इंग्लंडातल्या हल बंदरात जात, तिथून रेल्वेने लिव्हरपूल, मग पुढचं जहाज. त्यांची यादी वेगळी.

त्या यादीत आडनाव घातलंच नाही. जुन्या जर्मन हस्ताक्षरात 'ई' हुबेहूब 'एन'सारखा दिसतो, त्यामुळे सूचीत आडनावांचं पार भजं झालेलं असतं. बायकोचं पहिलं नाव, मुलांची वयं आणि साल एवढ्यावर शोधलं. अख्खं कुटुंब एकाखाली एक: शेतमजूर, बायको, तीन पोरं, आणि गावाच्या रकान्यात मेक्लेनबुर्गमधलं गाव. आता तिथल्या चर्चच्या बाप्तिस्मा नोंदी चाळतेय.