क्लबाच्या मीटिंगला मधमाश्यांवर बोलायचंय? मग एवढं करा

चिपळूण असो, कुडाळ असो की अलिबाग, मधाच्या पेट्या ठेवून दोन-तीन पावसाळे काढलेत आणि गावात नाव झालं की रोटरी नाहीतर लायन्सच्या सेक्रेटरीचा फोन येतोच, "दादा, आमच्या मीटिंगला मधमाश्यांवर दोन शब्द बोला ना." दोन शब्द म्हणजे वीस मिनिटं धरा, त्यातली पाच वाढदिवस आणि अनाउन्समेंटमध्ये जाणार, आणि मागे जेवण लागलेलं असतं त्यामुळे लांबवलंत तर निम्मी मंडळी सुक्या मटणाच्या वासाकडे तोंड करून बसतात. म्हणून सगळं सांगायला जाऊच नका. राणी, नर, कामकरी, त्यांचा नाच, रॉयल जेली हे सगळं यूट्यूबवर पडलेलं आहे. समोर डॉक्टर, कंत्राटदार, हॉटेलवाले, बँकेतले आणि हमखास काही आंबा बागायतदार असतात, त्यांच्याकडून तुम्हाला नेमकं काय हवंय ते घरून ठरवून निघा.

आधी तारीख. क्लबवाले बहुतेक २० मे म्हणतात, जागतिक मधमाशी दिन. स्लोव्हेनियाच्या अँटोन यान्शा नावाच्या मधपाळाचा तो जन्मदिवस, संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये तो जाहीर केला आणि २०१८ पासून पाळतात. पण आपल्याकडे मे म्हणजे लग्नं, चाकरमानी आणि आंब्याच्या पेट्या, मधाच्या पेट्यांना विचारतो कोण? शिवाय फवारण्या सगळ्या होऊन गेलेल्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरची तारीख मागा, मोहोर यायच्या आधीची, तेव्हा सांगितलेलं निदान त्याच हंगामात उपयोगी पडतं.

सोबत काय न्यायचं? रिकामी मधपेटी, मेणाचं पोळं बांधलेली एक फ्रेम, धूर सोडायचा स्मोकर, तोंडाची जाळी आणि दोन वेगळ्या मोसमातला मध. जिवंत माश्यांची काचेची पेटी लोकांना फार आवडते हे खरं, पण मीटिंग रात्रीची असते आणि चुकून पाच-पंचवीस माश्या सुटल्या तर त्या सरळ ट्यूबलाइटवर जातात, मग तुमचं भाषण कोण ऐकतोय. न्यायचीच असेल तर दिवस मावळल्यावर सगळ्या माश्या आत आल्या की दार बंद करा, हवेला जाळी ठेवा, सगळ्या फटी टेपने बुजवा, बंद गाडीत ठेवून चहाला थांबू नका आणि हॉलमध्ये काही झालं तरी उघडू नका. आणि टेबलावर केळी ठेवलेली असतील तर लांब सरकवा. गंमत नाही हां, डंख मारल्यावर माशी जो धोक्याचा वास सोडते त्यातला मुख्य घटक पिकल्या केळ्याच्या वासातलाच असतो. प्रोजेक्टरवर फार विसंबू नका, लाइट कधी जाईल सांगता येत नाही, त्यापेक्षा फ्रेम हातोहात फिरवा.

सुरुवात आईनस्टाईनने करू नका. "मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल" हे त्याच्या नावावर फिरतं पण तो असं म्हणाल्याचा कुठेही पुरावा नाही, आणि सभेत एखादा निवृत्त मास्तर असतोच जो हे धरतो. उलट खरं सांगून टाका की भाताला मधमाशी लागत नाही, तुमचं भात-माशाचं ताट तिच्याशिवायही चालेल. आंब्याच्या मोहोरावरही मधमाशीच्या बरोबरीने साध्या माश्या आणि बाकीचे कीटक काम करतात. एवढं कबूल केलंत की लोक कान देतात, मग कलिंगडावर या. भात कापल्यावर आपल्याकडे किती जण कलिंगड करतात ते त्यांना माहीतच असतं. कलिंगडाला नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं, फूल सकाळी उघडतं आणि एकच दिवस टिकतं, पराग चिकट त्यामुळे वाऱ्याने जात नाही, कुणीतरी तो उचलून न्यावा लागतो, तोही एकदा नाही, बऱ्याच फेऱ्या लागतात. फेऱ्या कमी पडल्या की फळ गळतं नाहीतर एका बाजूला फुगलेलं वाकडं निघतं आणि व्यापारी ते बाजूला काढतो. काकडी, भोपळा यांचंही हेच. वाकडी काकडी मिळाली तर घेऊनच जा, ती दाखवली की पंधरा स्लाइडचं काम होतं.

मग फवारणी. इथे जिभेवर साखर ठेवा, कारण बागायतदाराचं अख्खं वर्ष त्या मोहोरावर असतं आणि तुडतुडे आले तर तो औषध मारणारच. त्याला "मारू नका" सांगून काही होत नाही, "कधी" ते सांगा. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक टाळा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक आहे ते बघा, मारायचंच झालं तर संध्याकाळी माश्या घरी गेल्यावर, आणि इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं माश्यांना फार घातक आहेत हे नाव घेऊन सांगा, ती नावं त्यांच्या रोजच्या बोलण्यातली असतात. आणि मुख्य मागणी ही की आदल्या दिवशी शेजारच्या मधवाल्याला एक फोन करा. फोन आला तर आपण रात्री दाराला जाळी लावून, वर ओलं गोणपाट टाकून, पेटी एक दिवस बंद ठेवू शकतो. या एका फोनवर पाच मिनिटं खर्च केलीत तरी चालेल, माझ्या मते अख्ख्या भाषणात हेच महत्त्वाचं.

प्रश्न ठरलेले असतात. पहिला, अस्सल मध कसा ओळखायचा. पाण्यात टाकून, काडी पेटवून, कुत्र्याला हुंगवून काहीही कळत नाही, स्पष्ट सांगा. मध थिजला म्हणजे साखर घातली असंही नाही, बरेच चांगले मध थिजतात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२० मध्ये १३ ब्रँडचे मध तपासून घेतले तर त्यातले १० भेसळ पकडणाऱ्या एनएमआर चाचणीत नापास झाले, म्हणजे जे पकडायला असलं महागडं मशीन लागतं ते आपल्या बशीत काय कळणार! दुसरा, डायबिटीसला चालतो का. मध ही शेवटी साखरच, औषधाचे दावे करू नका, समोर डॉक्टर बसलेत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवायचा नाही हे मात्र न विचारता सांगा, आपल्याकडे अजून चाटवतात. डंखाचं विचारलं तर काटा नखाने लगेच खरडून काढा, कसा काढला यापेक्षा किती पटकन काढला हे महत्त्वाचं, आणि चेहरा सुजला, श्वास अडकला, चक्कर आली तर थेट दवाखाना. पुढचं डॉक्टरांनाच बोलू द्या, त्यांनाही बरं वाटतं.

"आमच्या बिल्डिंगला पोळं लागलंय" हा येणारच. टाकीखाली उघड्यावर लोंबणारं एकच मोठं पोळं म्हणजे आग्या, ती पेटीत राहत नाही, मोसम सरला की स्वतःच उठून जाते, दगड मारू नका आणि रॉकेलची मशाल तर नकोच. चिऱ्याच्या भिंतीत, झाडाच्या ढोलीत, जुन्या मीटरच्या पेटीत शिरलेली असेल तर बहुतेक सातेरी, ती आपण काढून पेटीत भरतो, नंबर देऊन ठेवा. आणि "एका पेटीतून किती सुटतात?" याला सातेरी वर्षाला पाच-सात किलो मध देते, तोही जागा चांगली असेल तर, एवढंच उत्तर द्या. फुगवून सांगू नका.

आता शेवटची अडचण. भाषण रंगलं की प्रेसिडेंट उभे राहतात आणि "आपण पन्नास पेट्या वाटू" म्हणतात, टाळ्या पडतात. इथे गोड बोलून अडवा. सातेरी मनाची राणी, भूक लागली, मुंग्या चढल्या, मेणकिडा लागला की पेटी सोडून जाते, आणि जून ते सप्टेंबर साखरेचा पाक द्यावा लागतो हे ज्याला कुणी शिकवलेलंच नाही त्याच्याकडे दिवाळीपर्यंत पेटीत पाली राहतात. त्यापेक्षा म्हणा की चार-पाच खरोखर इच्छा असलेल्या माणसांचा ट्रेनिंगचा खर्च उचला, पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि पहिल्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा त्या पेट्या बघायला जाणाऱ्याचं पेट्रोल द्या. बॅनरवर फोटो जरा कमी भरगच्च येईल, येऊ दे.

मध विकायला न्यायचा तर सेक्रेटरीला आधी विचारा आणि बाटल्या दाराजवळ ठेवा, भाषणात भाव सांगू नका. नंतर आठवड्याच्या आत फोन करून जानेवारी-फेब्रुवारीतला एक रविवार ठरवून टाका, पेट्या बघायला या म्हणून. सकाळी नऊनंतर बोलवा, फिके कपडे घाला आणि सेंट लावू नका असं आधी कळवा, आणि एका वेळी पाच-सहाच माणसं पेटीजवळ न्या, बाकीच्यांना तोपर्यंत सावलीत चहा.